काकू, त्या पाच लिटरच्या कॅनबद्दल

प्रिय काकू, आणि टेकडीवर झाडांना पाणी घालणाऱ्या तुम्हा सगळ्यांना,

समोर उभं राहून हे मला बोलता येणार नाही. सुरुवात केली की तुम्ही 'चल गं, कॅन उचल' म्हणाल आणि राहूनच जाईल. म्हणून लिहिते आहे.

दादा गेल्या वर्षी जानेवारीत गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मग जो भेटेल तो मला एकच सांगे: आईला सांभाळ, वहिनीकडे बघ, पोरांकडे लक्ष दे. सांभाळत होतेच. पण ज्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले, तो माझाही कुणीतरी होता. बहिणीच्या दुःखाला आपल्याकडे जागाच नाही, काकू. आईचं दिसतं, बायकोचं दिसतं. बहीण चहा करत असते.

मार्चमध्ये एका पहाटे झोप येईना म्हणून वेताळ टेकडीवर आले. लहानपणी दादा मला इथे आणायचा, देवळापाशी उभं करून लांबचा सिंहगड दाखवायचा. पुण्यातली सगळ्यांत उंच टेकडी, जवळजवळ ८०० मीटर, याचा त्याला कोण अभिमान! त्या दिवशी मी खाणीच्या काठाशी बसून रडत होते. तुम्ही आलात. काय झालं, विचारलं नाहीत. तेलाचा जुना पाच लिटरचा कॅन पुढे केलात आणि म्हणालात, "त्या मेढशिंगीपर्यंत नेशील का? माझा गुडघा आज ऐकत नाही."

रोप कमरेएवढंही नव्हतं. चार पानं, त्यातली दोन करपलेली. तुम्ही आळं नीट करायला शिकवलंत. उताराच्या बाजूला माती-दगडांचा छोटा बांध, वर पालापाचोळा. पाणी बदाबदा ओतायचं नाही, धार बारीक ठेवायची, नाहीतर मुळाशी जायच्या आत वाहून जातं. मी धार बारीक ठेवली. कॅन रिकामा व्हायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी फक्त माती काळी होत जाताना बघत होते. निघताना तुम्ही म्हणालात, "परवा येशील ना? एकदा पाणी सुरू केलं की पावसापर्यंत सोडता येत नाही."

त्या 'परवा'साठी तुमचे आभार. दादा गेल्यापासून मला कुणाच्या तरी परवाची वाट बघावीशी वाटली नव्हती.

तुमच्यापैकी कुणीही मला 'काळ हेच औषध' असं म्हणालं नाही. मे महिन्यात वणवा पसरू नये म्हणून वाळलेलं गवत काढत होतो, तेव्हा बँकेतल्या काकांनी त्यांच्या मुलाचं सांगितलं, हात न थांबवता. मग मीही दादाचं बोलले. घसा दाटून आला, पण कुणी विषय बदलला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये ही टेकडी वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरले, ती बातमी मी घरात बसून वाचली होती. एका टेकडीसाठी एवढं? असं मनात आलं होतं. आता तसं वाटत नाही.

आणि जूनमधली ती सकाळ. पहिला पाऊस पडून गेलेला, झुडपातून दोन सुरांची शीळ आली. "नवरंग आला," तुम्ही कुजबुजलात. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, पाचोळा उलथत टुणटुण फिरणारा. दादाला दाखवावा म्हणून मी फोन काढला. बोट त्याच्या नंबरपर्यंत गेलं. तुम्ही ते पाहिलंत आणि माझं मनगट धरून, पक्षी उडेपर्यंत तशाच उभ्या राहिलात. त्याबद्दल काय लिहू? हात अजून आठवतो, एवढंच.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आईला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडीने वर आणलं. मेढशिंगी आता माझ्या खांद्याला लागते. तुम्ही आईसाठी दगड पदराने झटकलात, तिच्या हाती पाण्याची लहान बाटली दिलीत, आणि शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळतात म्हणून हे नाव, असं सांगितलंत. ती ऐकत होती. वर्षभरात तिने कुणाचं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मग बारीक धारेने तिने पाणी घातलं, बाटली उलटी करून शेवटचे थेंब झटकले आणि विचारलं, "परवा कोण येतंय इथे?"

तुमची,
मेढशिंगीवाली