कमान नंतर, आधी टाकं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांसी,

स. न. वि. वि.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी नववीची पोरं घेऊन नांदगिरीचा कल्याणगड चढते. पहिल्या दरवाजाजवळून काही पायऱ्या खाली उतरतात आणि कड्याच्या पोटातल्या एका गुहेत जातात. आत मिट्ट काळोख. बाहेर ऊन चटके देत असतं, आत गुडघ्यावर गार पाणी. कठड्याचा लोखंडी गज एका हातानं धरायचा, दुसरा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि तळातला दगड पायानं चाचपत पुढं सरकायचं. शेवटी बॅटरीच्या उजेडात पार्श्वनाथ आणि दत्त दिसतात. वर्गात आवाज बसेपर्यंत ओरडले तरी गप्प न होणारी पोरं तिथं आपोआप गप्प होतात.

गेल्या खेपेला बाहेर येऊन पँट पिळता पिळता एकानं विचारलं, "बाई, वर एवढी माणसं राहायची म्हणता, मग त्यांना पाणी कुठनं यायचं?" पुस्तकात लढाया आहेत, तह आहेत, सनावळ्या आहेत, हे नाही. गडांवरच्या कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांविषयीचं हे पत्र त्या प्रश्नामुळंच लिहितेय.

साहेब, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आपल्या खात्याला नवं नाही. राज्य कसं चालवावं हे सांगणारा १७१५ सालचा हा मजकूर. त्यात सांगितलंय की आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडून चालणार नसेल, तर खडक फोडून टाकी करा. झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवा आणि त्यातलं पाणी खर्च होऊ देऊ नका. "गडाचे पाणी बहुत जतन करावे" हे त्यातलं वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

हे पाणी काय करतं ते बघायला लांब जायला नको. औरंगजेबानं साताऱ्याच्या किल्ल्याला १६९९ च्या डिसेंबरात वेढा घातला, गड त्याच्या हाती आला तो १७०० च्या एप्रिलात. डिसेंबर ते एप्रिल आपल्याकडं आभाळातून काय पडतं, हे मी सांगायला नको. किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि त्यांची माणसं त्या दिवसांत जे पाणी प्यायली, ते मागच्या पावसाळ्यात वर साठवलेलं होतं. बुरूज, सुरुंग, तोफा यांच्यावर आपण पोवाडे रचले. टाक्यावर कुणी रचला नाही.

आणि टाकं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तटाला दगड हवा म्हणून खडक फोडायचा, तो फोडताना जी पोकळी झाली तिचंच टाकं करायचं. एका कामात दोन कामं! काही ठिकाणी मधे दगडाचेच खांब राखून वर छप्परही दगडाचंच ठेवलंय, त्या सावलीमुळं उन्हाळ्यात पाणी कमी उडतं. वरचं टाकं भरलं की ओसंडणारं पाणी चरातून खालच्यात. पाटणजवळच्या दातेगडावर तर तलवारीच्या आकाराची विहीर अख्ख्या कातळात कोरलीय, पायऱ्यांसकट. आमच्या पोरांना मी सांगते, इंजिनिअर व्हायचं असेल तर आधी ही बघून या.

आता तक्रार. जिल्ह्यातलाच एक गड, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कुठल्या एका साहेबाला गोत्यात आणायचं नाहीये. पायथ्याला मोठी सिमेंटची कमान झाली. पेव्हर ब्लॉक बसले, चार बाकडी आली, सोलरचा दिवा आला (तो आता लागत नाही). वर पाच टाकी. त्यातली तीन गाळानं काठोकाठ भरलेली, एकात झाड उगवलेलं, पाचव्यात बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या पिशव्या. तेव्हा आम्ही सातजणांनी एक टाकं उपसायची परवानगी मागितली. जानेवारीत अर्ज दिला. एका कार्यालयानं सांगितलं, जागा आमची नाही. दुसऱ्यानं सांगितलं, जागा आमची, पण बांधकाम आमचं नाही. तिसरीकडं "किती खोल उपसणार?" विचारलं. गाळ काढल्याशिवाय ते कळणार कसं, हे आम्ही विचारलं नाही, कारण अर्ज त्याच टेबलावर होता. परवानगीचं पत्र हातात पडलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस सुरू होऊन टाकं वरपर्यंत भरलं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा नवा अर्ज. पण काम झालं. सहा रविवार लागले. वरचा थर आपल्या पिढीचा: बाटल्या, निर्माल्य, एक चप्पल. मग कमरेएवढा काळा गाळ, त्याचा वास कपड्यातून दोन धुण्यांनी जात नाही. घमेली हातोहात वर जात होती, मी वर उभी राहून प्रत्येक घमेलं हातानं चाळत होते. खापराचे तुकडे निघाले, ते वेगळे ठेवून खात्याकडं दिले. सहाव्या रविवारी तळ लागला. तळाच्या कातळावर छिन्नीचे घाव इतके स्वच्छ होते की कारागीर जेवायला गेलाय आणि आता येईल असं वाटावं. काठावर गोल खळगे दिसले, वर मांडव घालायला वासे रोवण्याचे. गाळ होता तोवर ते कुणाच्या नजरेलाच आले नव्हते. शेळ्या घेऊन आलेले पायथ्याच्या वाडीतले एक आबा बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "पोरी, आमचा म्हातारा उन्हाळ्यात हितं गुरं पाजायचा. मला वाटलं, त्यो उगं सांगतोय."

त्या आबांकडं बघूनच मला पुढचं सुचलं. किल्ल्याच्या घेऱ्यात, म्हणजे भोवतालच्या परिसरात, मेटं म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असायच्या. मेटकरी गड राखायचा, त्याच्या पोटापाण्याची सोय सरकार करायचं. आज त्याच वाड्यांमधली पोरं कमानीखाली चहा विकतात नाहीतर पुण्याला जातात. आणि पाणी कसं राखायचं हे या लोकांना शिकवायची गरज नाही. २०१६ सालच्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलेलं वेळू गाव आमच्याच तालुक्यातलं. आमच्याकडच्या बायांनी भर उन्हात चर खणलेत. त्यांना टाकं उपसता येत नाही, असं कोण म्हणेल?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात आमचा प्रतापगड आहे. आनंदच झाला, शाळेत आम्ही पेढे वाटले. पण प्रतापगडाकडं बघणारे पुष्कळ आहेत. वर्धनगड, महिमानगड, चंदन-वंदन, कल्याणगड यांच्याकडं कोण बघणार? महिमानगड माण तालुक्यातला. तिकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं काय असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून मागणं एवढंच. कुठल्याही गडाला निधी देताना पहिला हप्ता टाक्यांसाठी असावा, आणि कमानीचं बिल निदान एक टाकं साफ झाल्याशिवाय निघू नये. अर्ज एकाच टेबलावर जावा आणि उत्तर फेब्रुवारीच्या आत यावं, कारण पाऊस फाईलसाठी थांबत नाही. गाळ काढताना पुरातत्त्वाचा एक जाणकार माणूस हजर असावा. आम्ही हौशी आहोत, आमच्या फावड्यानं काय फुटेल याची भीती आम्हालाच वाटते. आतून सिमेंटचा गिलावा अजिबात नको. तसं एक टाकं मी पाहिलंय, गिलाव्याचे पोपडे पाण्यात तरंगत होते. आणि घेऱ्यातल्या वाडीतली दोन माणसं पगारावर ठेवा. त्यांना मेटकरी म्हणा, नाहीतर हंगामी कामगार म्हणा. पगार महिन्याच्या महिन्याला मिळाला म्हणजे झालं.

चूक आमचीही आहे, हे मान्य करते. बाटल्या सरकारनं टाकलेल्या नाहीत. रील काढायला येणाऱ्या पोरांना मी हटकते तेव्हा ती मलाच व्हिडिओत घेतात. एकदा "गडावरची भांडखोर बाई" म्हणून मी आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर पोचले होते.

यंदा आपण कल्याणगडाला यावं. उद्घाटनाला नको, कारण उद्घाटन करावं असं तिथं काही नाही. डिसेंबरातला कुठलाही रविवार चालेल. गाडी नांदगिरीत ठेवावी लागेल, तिथून तासाभराची चढण आहे. भिजलेले चालतील असे बूट आणि एक चांगली बॅटरी आणा. गुहेत तुमच्या पुढं माझ्या वर्गातलं कुणीतरी असेल, त्याच्या खांद्यावर हात ठेवा. पोरं चिक्कार प्रश्न विचारतात, तेवढी तयारी करून या.

आपली नम्र,
नववीची इतिहासाची बाई,
ता. कोरेगाव, जि. सातारा