बंड्यास: एक्केचाळीसचं काय होणार?

लुईस्टन, आयडाहो
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सत्तावन्न, म्हणजे स्मिथ अँड वेसनचं ते ५७ नंबरचं, एक्केचाळीस मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्व्हर, माझ्याकडे आलं. आपल्याला घरी काडतुसं भरायला शिकवणारा म्हातारा स्वतः गाडी चालवत घरी आला आणि हातात देऊन गेला. सोबत काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी भरलेला तो कॉफीचा डबाही. चाप ओढताना बोटं दुखतात म्हणाला. हे फोनवर सांगितलं असतं तर "मग चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर कुणाला दिलं?" म्हणून तू मध्येच घुसला असतास, म्हणून लिहितोय. (त्याच्या पोरानं नेलं. झालं समाधान?)

माझी तब्येत ठीक, गुडघा जसा होता तसा. घरचे मजेत.

तर दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या दुकानात काडतुसांची पेटी आणायला गेलो, आणि फळीवर एक्केचाळीसची चिठ्ठीसुद्धा नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ऑर्डर टाका, आलं तर आलं, नाहीतर सरळ चव्वेचाळीस घ्या. सीसीआय या काडतूस कंपनीचा कारखाना ज्या गावात, जिथं निम्म्या देशासाठी प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) बनतात असं आपण आयडाहोतल्याच मॉस्कोहून येता-जाता म्हणायचो, त्या गावात ही तऱ्हा! त्या रात्री झोप लागली नाही.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. तुझं नेहमीचंच: बंदुकांवर लिहिणाऱ्या ज्या एल्मर कीथनं चव्वेचाळीससाठी रेमिंग्टन कंपनीच्या मागे लकडा लावला, त्यालाच पुन्हा १९६४ साली एक्केचाळीस कशाला हवं होतं? सॅमन गावाला जाताना अख्खा रस्ताभर याच्यावरून भांडलास. माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. १९३५ चं ३५७ मॅग्नम आणि १९५५ चं ४४ मॅग्नम, यांच्यामध्ये पोलिसाला कमरेला लावता येईल असं काहीतरी हवं होतं. कीथ, सीमेवरच्या बॉर्डर पेट्रोल दलाचा बिल जॉर्डन, बंदुकांवरच लिहिणारा स्कीटर स्केल्टन, तिघांनी मिळून ते मागितलं. २१० ग्रेन वजनाच्या दोन गोळ्या निघाल्या, एक जोरकस, शिकारीची, आणि एक साध्या शिशाची, मवाळ, गस्तीसाठी. घात तिथंच झाला. खात्यांनी जोरकस घेतली की शिपायांना धक्का सोसेना, आणि मवाळ घेतली तर नळीत शिसं बसायचं. शिवाय अठ्ठावन्न नंबरचं रिव्हॉल्व्हर पोलिसांसाठीच काढलेलं, पण दिवसभर कमरेला वागवायला जड. सॅन अँटोनिओ आणि सॅन फ्रान्सिस्कोनं घेतलं, बाकीच्यांनी तोंड फिरवलं. पुढं १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' सिनेमात चव्वेचाळीस झळकलं आणि सगळा देश तिकडे धावला. त्यात एक्केचाळीसची काय चूक?

आणि तुझी चव्वेचाळीस नावालाच चव्वेचाळीस! तिची गोळी ०.४२९ इंचाची, माझी खरोखर ०.४१०. एकोणीस सहस्रांश इंचाचा फरक, आणि त्यावर तू एवढी वर्षं मिशीला पीळ देतोयस.

पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ३५७ रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चाकात आखूड ३८ स्पेशल काडतूस चालतं, ४४ च्या चाकात ४४ स्पेशल. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो तसं, एकाचा माल आटला तरी दुसऱ्यावर निभावतं. एक्केचाळीसला असं बाजारात सहज मिळणारं कुणीच नाही. जुनं ४१ लाँग कोल्ट नुसतं नावानं सारखं, मापात नाही. ४४ ची पुंगळी कापून-दाबून करावी म्हटलं तर ती बुडातच जाड. म्हणजे कारखान्यानं पुंगळ्या बनवणं थांबवलं की संपलं. काडतूस वाईट ठरून जात नाही रे, ते वर्षाच्या वेळापत्रकातून गळतं. मशिन तीच, माणसं तीच, आणि नाइन मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसांची मागणी सरत नसेल तर एक्केचाळीससाठी मशिनचे साचे कोण बदलणार? २०२० मध्ये प्रायमर दिसेनासे झाले तेव्हा हेच पाहिलं. त्याच वर्षी रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, काडतुसांचा धंदा व्हिस्टा कंपनीनं घेतला, आणि २०२४ मध्ये व्हिस्टाचा काडतुसांचा हा सगळा पसारा झेक समूहाकडे गेला. लुईस्टनचा कारखानाही त्यातच. एक्केचाळीसची बाजू घेणारं तिथल्या टेबलावर कुणी असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही.

काल डबा ओतून बसलो. म्हाताऱ्यानं शिकवलं तसं चार-चार पुंगळ्या मुठीत घेऊन खुळखुळवत होतो. चांगल्या खणखणतात, आणि त्यात एखादी तडकलेली असली की आवाज बद्द येतो. मग ती भिंगाखाली धरायची. तोंडापाशी केसासारखी रेघ दिसते, पितळ ताणून ताणून थकलेलं. बुडावर रेमिंग्टनची 'आर-पी' ही खूण अजून स्पष्ट वाचता येतं. डब्यातल्या बऱ्याच अशा बाजूला काढाव्या लागल्या, आणि दर वेळी पोटात तुटलं. तुला हसू येईल, येऊ दे.

अगदीच अंधार आहे असंही नाही. मिझुरीतली स्टारलाइन अजून एक्केचाळीसचं कोरं पितळ बनवते, हेन्रीनं लिव्हरची रायफल काढली, रुगरचं ब्लॅकहॉक माहीतच आहे. गोळ्या घरी ओतता येतात, साचे आहेत. माझं मत पक्कं होत चाललंय की हे काडतूस यापुढं घरी भरणाऱ्यांच्याच जिवावर राहील. दुकानातल्या पेट्यांची आशा सोडावी. पण घरी भरणारेसुद्धा म्हाताऱ्याच्याच वयाचे. आपल्यानंतर कोण, हे तू सांग.

पोरीचं काय चाललंय? एअर पिस्तूलची राज्य स्पर्धा कधी आहे? स्वप्निल कुसाळेच्या पॅरिसच्या पदकानंतर कोल्हापुरात रेंजवर लेन मिळत नाही म्हणत होतास, ते खरं का? वहिनींना नमस्कार. घराचं कर्ज फिटलं हे वाचून बरं वाटलं.

म्हाताऱ्यानं तुझी आठवण काढली. तू त्याच्या शेडमध्ये पावडरच्या तराजूशेजारी चहाचा कप ठेवायचास, ते अजून विसरला नाही.

एक काम कर. स्टारलाइनच्या पाचशे पुंगळ्या आत्ताच घेऊन ठेवाव्यात असं मला वाटतं, बायको म्हणते पन्नास पुरे. तुझं मत कळव, चव्वेचाळीसवाला म्हणून नाही, मित्र म्हणून. आणि तुझ्या त्या हिरव्या वहीत म्हाताऱ्याच्या शिशाच्या गोळीची सगळी मापं लिहिलेली आहेत. आता त्याला विचारलं तर आकडे गोंधळतो. मॅन्युअलशी ताडून पाहीन, पण ते पान मला हवंय. फोटो नीट काढ, कडा कापू नकोस.

तुझा,
नाना