शेणकिड्याच्या पाठीवरचे दाणे: मॅडम, तुमचे जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलो तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून चारचौघांत लिहितोय. आता बदला विषय!

म्हशीच्या शेणात सापडलेल्या त्या काळ्या शेणकिड्याच्या पाठीवर आणि पायांवर तपकिरी दाणे होते. बोटानं ढकलले की हलायचे, सुटायचे नाहीत. डोक्यावर आलेला कोंब वेगळाच. हा रोग गोठ्यात पसरला तर, म्हणून घरच्यांनी धसका घेतला. औषधाच्या दुकानदारानं डबीचं झाकणही न उघडता ‘हुमणीच ती’ म्हणत फवारणीची बाटली पुढं केली. दुसऱ्या एका शिकल्यासवरल्या साहेबांनी फोटोवरून गोचिडाची अंडी ठरवली, वर ‘शेणातल्या किड्याचं काय घेऊन बसलात’ हेही सुनावलं.

तुम्ही आधी विचारलंत, ‘शेण ताजं होतं की शिळं?’ मी सांगितलं ते वहीत उतरवून घेतलंत. मग गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलंत. ‘चष्मा काढा, भिंग डोळ्याला लावा, किडा जवळ आणा. दिसेपर्यंत बघा, मला घाई नाही.’ बराच वेळ मला नुसतं धुकं दिसत होतं. तुम्ही ना भिंग परत मागितलंत, ना ‘दिसलं का’ म्हणून टोकलंत. अन् मग दिसलं! प्रत्येक दाण्याखाली काचेसारखा बारीक देठ, आणि दाण्याला चक्क पाय.

ते कोळी निघाले, जाळं विणणारे नव्हेत, बारीक कोळीकीटक (माइट), युरोपोडिना गटातले. गुदद्वारातून पाझरलेल्या चिकाचा देठ करून ते किड्याला चिकटतात आणि ताजं शेण आलं की उतरून जातात. किड्याचं रक्त पीत नाहीत, म्हशीला चावत नाहीत. फुकटात एसटीनं फिरल्यासारखं. पोटाखाली पळणारे कोळी मॅक्रोकेलिस, ते तर शेणातली माश्यांची अंडी खातात. म्हणजे आपलेच गडी की! आणि तो कोंब म्हणजे नराचं शिंग. अळीपणी खाणं कमी पडलं तर काही जातींत नराचंही शिंग नावापुरतंच राहतं.

हे सगळं तुम्ही दोन वाक्यांत सांगून मला वाटेला लावू शकला असतात. मोठ्या शिकलेल्या माणसानं आपल्याला एवढा वेळ द्यावा याची सवयच राहिली नाही हो. अशी माणसं आहेत म्हणून अजून कुणाला काही विचारावंसं वाटतं.

इव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतो, हे तुम्ही जाता जाता बोललात. ते मनात राहिलंय. जंताचं औषध आता डॉक्टरांना विचारून, गरजेपुरतंच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक म्हशीवाला

ता. क. चिरंजीव अभ्यास सोडून शेणाचे पो उकरत बसतात. त्यांच्या आईचा राग तुमच्यावर आहे, तेव्हा घरी याल त्या दिवशी आधी फोन करा.