भानामतीच्या बातमीत घराचा पत्ता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, पिठात माती निघते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. खान्देशात अशा घराची बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा गावाचे आणि गल्लीचे नाव असते, दारात उभ्या कुटुंबाचा फोटोही असतो. हे छापू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. विनंतीमागे नाजूकपणा आहेच, पण त्याहून मोठे कारण तपासाचे आहे.

हे प्रकार कशामुळे किंवा कुणाच्या हातून होतात, याचा तपास पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट झाला तर होतो. पत्ता छापून आला की संध्याकाळी शेजारच्या चार गावांच्या मोटारसायकली दारात लागतात. गर्दीतली पोरेच मग मजा म्हणून खडे मारतात. आधीचे दगड आणि हे दगड एकदा मिसळले की कोणता कुठून आला, हे कुणालाच सांगता येत नाही. घरातल्याच कुणाच्या हातून हे होत असेल, तर गुपचूप थांबण्याची वाटही त्या माणसाला उरत नाही.

घरात गेल्यावर पहिले काम वायरमनचे. उंदरांनी कुरतडलेली वायर, ढिला न्यूट्रल, नसलेले अर्थिंग यांतून ठिणग्या, झटके आणि आपोआप कमी-जास्त होणारे दिवे येतात. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली असेल तर डोके दुखणे, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटणे, भास होणे हे कार्बन मोनॉक्साइडमुळे असू शकते. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला असेल तर अंगावरचे पुरळ त्यातल्या बारीक किडींचे आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

पत्र्याच्या घरात आवाजाचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात भरउन्हात सत्तर अंशांपर्यंत तापलेला दहा फुटी पत्रा रात्री तीस अंशांवर आला तर सुमारे दीड मिलिमीटर आखडतो. तो एकदम आखडत नाही. हुकाच्या बोल्टापाशी अडतो आणि सुटतो, प्रत्येक सुटण्याला ‘टक्’ वाजते. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवलेले धोंडेही या हालचालीने किंवा मांजरा-माकडाच्या पायाने घरंगळतात. म्हणून एक नियम कडक पाळावा: आवाज आला पण दगड हाती लागला नाही, तर वहीत ‘आवाज’ लिहायचे, ‘दगड’ नाही.

वही हे मुख्य हत्यार आहे. घड्याळातली वेळ, काय झाले, कुठे झाले आणि त्या क्षणी घरातले प्रत्येक माणूस कुठे होते, एवढे रकाने पुरतात. आणखी एक रकाना मात्र फार महत्त्वाचा: वस्तू जागेवरून निघताना कुणी पाहिली, की पडल्याचा आवाज आल्यावर मान वळली? भांडे ‘उडाले’ असे सगळे सांगतात, पण एकेकाला वेगळे बसवून विचारले की बहुतेकांनी ते पडलेलेच पाहिलेले असते. एकत्र बसवून विचारले तर रात्रभरात सगळ्यांची आठवण एकसारखी होते. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून घराचा नकाशा काढावा आणि प्रत्येक घटना त्यावर नोंदवावी.

प्रत्येक दगडावर नंबर टाकून तो वजन करून जपावा. अंगणातला काळा दगड आहे, मुरूम आहे, विटेचा तुकडा आहे की नदीतला गुळगुळीत गोटा, यावरून पल्ला कळतो. हाताने मारलेला लिंबाएवढा दगड चाळीस मीटर सहज जातो, गोफणीचा त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून पहारा देणाऱ्यांनी घराकडे पाठ करून बाहेर पाहावे. हे सांगूनही पाळले जात नाही, कारण सगळ्यांना चमत्कार बघायचा असतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या आणि वर छिद्र नसलेल्या खोलीत पडलेला दगड त्या खोलीतूनच आलेला असतो. ‘दगड गरम होता’ म्हणून लोक घाबरतात, पण उन्हातला किंवा बराच वेळ मुठीत धरलेला दगड गरमच लागणार. पहाटे अंगणातल्या सुट्या दगडांच्या खालच्या बाजूला खडूचा बारीक ठिपका द्यावा, पावसाळ्यात ऑइलपेंटचा. ठिपक्याचा दगड स्वयंपाकघरात पडला की निम्मा प्रश्न सुटला.

आगीच्या प्रकारात आधी जीव सांभाळावा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाण्याच्या बादल्या भरलेल्या, लेकरे दुसऱ्या घरी झोपलेली. जळका तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, तिच्यातून रॉकेलची वाफ निघून जाते. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा घ्यावा. त्या वेळी जवळ कुणीच नव्हते, हा पुरावा होत नाही. जळती उदबत्ती अर्धा-पाऊण तास धुमसते, आणि विहिरीत टाकायची लाल दवा ग्लिसरीनशी आली तर थोड्या वेळाने आपोआप पेटते. ती मागे तपकिरी-काळा डाग सोडते, तो शोधावा. बिब्ब्याचे तेल लागलेल्या जागी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फोड येतात, त्यामुळे फुली ‘झोपेत उठली’ असे वाटते. फुल्या स्वतःचा हात पोहोचतो तिथेच आहेत का, हे पाहावे, पण डॉक्टरांना दाखवल्यानंतर.

कॅमेरा कोपऱ्यात पक्का बसवावा, हातात धरून फिरवू नये. साध्या मोबाइलला तासाला सहा-आठ जीबी लागतात आणि खेड्यात वीज जाते, म्हणून पॉवर बँक जोडलेली हवी. रात्रीच्या चित्रीकरणात लेन्सजवळून उडणारे किडे आणि धूळ पांढरे गोळे होऊन दिसतात, त्यांना भूत समजू नये. खोली रिकामी करून दारावर तीन जणांच्या सह्यांची कागदी पट्टी चिकटवावी आणि चोवीस तास उघडू नये.

आता सगळ्यात जपून करायचे काम. कोण घरात नसताना प्रकार थांबतात, हे पाहावेच लागते. पण संशय आलेल्या सुनेला किंवा मुलीला एकटीलाच माहेरी, मामाकडे पाठवले तर ती गेल्या दिवशीच गाव निकाल देऊन टाकते. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईवर ‘डाकीण’ म्हणून बोट ठेवले की तिचे पुढे काय होते, हे नंदुरबार जिल्ह्याला सांगायला नको. म्हणून प्रत्येकाला दोन-दोन दिवस पाळीपाळीने बाहेर पाठवावे आणि सुरुवात घरातल्या कर्त्या पुरुषापासून करावी.

माणूस लक्षात आले तरी ते घरच्यांना, सरपंचांना किंवा वार्ताहराला सांगायचे नसते. शाळा सोडावी लागलेली मुलगी, मनाविरुद्ध ठरलेले लग्न, सासरी कुणाशी बोलता न येणारी नवी सून, मार खाणारा मुलगा: ज्याला तोंडाने सांगता येत नाही, त्याच्याकडून हे घडते, आणि कधी कधी त्याला स्वतःलाही त्याचे पुरते भान नसते. बाईशी बाईनेच, एकटीशी बोलावे. ‘तूच केलंस ना?’ असे विचारू नये, ‘किती दिवसांपासून त्रास होतोय?’ असे विचारावे. लहान मुलाने मारहाण किंवा अत्याचार सांगितला तर गुप्ततेचे वचन तिथे संपते. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचार असेल तर कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. प्रकार थांबल्यावर काम संपत नाही. महिनाभर त्या घरी जात राहावे लागते, कारण मूळ दुखणे तसेच राहिले तर दगड पुन्हा पडतात.

१९७७ साली लंडनच्या एनफिल्ड भागातल्या अशाच एका घराचा जगभर गवगवा झाला. कॅमेऱ्यात घरातली मुलगी चमचा वाकवताना दिसली, पुढे मुलींनी काही प्रकार आपणच केल्याचे मान्यही केले. तिचे नाव मात्र जगाच्या तोंडी कायमचे राहिले. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या पोरीच्या वाट्याला हे येऊ नये.

नाव छापायचेच असेल तर उपाय सांगतो म्हणून पैसे घेणाऱ्या, मिरचीची धुरी देणाऱ्या, कुणाला तरी करणी करणारी ठरवणाऱ्या भगताच्या गुन्ह्याची बातमी नावानिशी द्यावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, तक्रार पोलीस ठाण्यातच करता येते. पीडित घराबद्दल ‘तालुक्यातील एका गावात’ एवढे पुरे. उरलेल्या जागेत वायरमनला बोलवा, वही घाला, दगड जपा, १०९८ आणि १४४१६ हे दोन नंबर, एवढे छापावे.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव