क्रूझची खरी मौज घसरगुंडीत नाही

महोदय,

क्रूझच्या जाहिरातींत घसरगुंड्या, कॅसिनो आणि दिवसभर चाललेले खाणेपिणे एवढेच दिसते. हे सगळे जमिनीवरच्या मोठ्या रिसॉर्टमध्येही मिळते. लोक जहाजाकडे पुन्हा पुन्हा वळतात ते वेगळ्याच कारणाने. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची आणि मधला प्रवास आपण झोपेत असताना उरकायचा. रात्री निघालेले जहाज सकाळी पुढच्या बंदराला लागलेले असते. तीन पिढ्या एकत्र निघाल्या की याचे मोल विशेष कळते. ज्याला उतरायचे तो उतरतो, ज्याचे गुडघे दुखतात तो डेकवर बसतो आणि रात्री सगळे एका टेबलावर जेवतात. (पहिल्या दिवशी मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत.)

हे सुख हवे असेल, तर जहाजाच्या फोटोंआधी बंदरांचे वेळापत्रक वाचावे. कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज लागते ते चिविताव्हेक्कियाला, सुमारे ७० किलोमीटर अलीकडे. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र बंदर. तिथून शहर जवळपास २०० किलोमीटर. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा मुक्काम छापलेला असला, तरी उतरायला पाऊण तास, जाता-येता दीड-दीड तास आणि जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी परत येण्याचे बंधन धरले, तर रोमसाठी सव्वापाच ते पावणेसहा तासच हाती उरतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटासारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर थांबते आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर नेते. तिथे रांगेचा वेळ वेगळा, आणि समुद्र खवळला तर ते बंदर सरळ गाळले जाते. स्वतःच्या हिमतीवर फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. शिवाय काही जहाजांचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार बदलत नाही. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि तिथेच घोटाळा होतो. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून घ्यावी.

दुसरी निवड केबिनची. वरच्या मजल्यावरची, टोकाची बाल्कनी अनेकांना मोहात पाडते. बोट लागणाऱ्यांचे हाल तिथेच जास्त होतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंचे स्टॅबिलायझर पंख डावे-उजवे डोलणे बरेच कमी करतात, पण लाटांवर पुढचे टोक वर-खाली होते ते त्यांना फारसे आवरत नाही. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची केबिन सर्वांत शांत. डेकचा नकाशा पाहताना आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही बघावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट, खाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत दणदणाट. दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप बिनघोर. समुद्र दिसणाऱ्या काही केबिन स्वस्त असतात त्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते म्हणून. बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त आणि गडद अंधारी असते. दिवसा केबिनमध्ये बसायचेच नसेल, तर तीत वाईट काही नाही.

गर्दीचा अंदाज घरबसल्या काढता येतो. जहाजाच्या ग्रॉस टनेजला प्रवासीसंख्येने भागावे. टनेज म्हणजे इथे वजन नव्हे, बंदिस्त जागेचे माप. भागाकार ३० च्या खाली गेला तर जहाज दाटीचे, ४५ च्या वर गेला तर ऐसपैस. २०२४ च्या जानेवारीत सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज २,४८,६६३ आहे. केबिनमागे दोघे धरले तर प्रवासी ५,६१०, म्हणजे माणशी ४४. तिसऱ्या-चौथ्या खाटाही भरल्या तर प्रवासी ७,६०० पर्यंत जातात आणि तोच आकडा ३३ च्या आत येतो. शाळांच्या सुट्ट्यांत हेच होते, त्यामुळे ज्यांना सुट्ट्यांचे बंधन नाही त्यांनी ते दिवस टाळावेत.

‘सगळे खर्च आत’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. मुख्य जेवण, करमणूक आणि केबिन भाड्यात येते. मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या. पुष्कळ कंपन्या माणशी रोजची टिपही बिलात आपोआप लावतात. एका केबिनमधल्या एकाने पेयांचे पॅकेज घेतले की दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यायला लावणे सर्रास चालते. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल स्वतंत्र आणि भरभक्कम. प्रवास विमा घेताना तो क्रूझवर लागू होतो का आणि भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधून वाचावे. एजंटच्या तोंडी होकारावर राहू नये.

– पर्यटन व्यवसायातील एक वाचक