अभिप्राय ग्राहकाचा की कंपनीचा?

मोबाइल घेण्यापूर्वी ऑनलाइन अभिप्राय वाचा, असा सल्ला देणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सल्ला चांगला, पण अर्धवट. कालच बाजारात आलेल्या फोनखाली ‘सहा महिने वापरतोय, एकदम झकास’ असे अभिप्राय दिसतात; ते कोणी लिहवून घेतले, हे कळायला मार्ग नसतो. ही निव्वळ शंका नाही. सामान्य ग्राहक असल्याचे भासवून स्वतःची स्तुती आणि एचटीसी या प्रतिस्पर्धी मोबाइल कंपनीची निंदा पैसे देऊन लिहवून घेतल्याबद्दल तैवानमध्ये २०१३ साली सॅमसंगला एक कोटी तैवानी डॉलरचा दंड झाला होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले, तेही ऐच्छिक! राजारामपुरीतला दुकानदार ठरावीक कंपनीचाच फोन पुढे सरकवू लागला, की त्यात त्याचे कमिशन आहे हे गिऱ्हाईक ओळखते. निनावी अभिप्रायात ती सोय नाही. (अर्थात, प्रत्येक कौतुक विकतचे असते असेही नव्हे.) मोबदला घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख सक्तीचा करावा आणि तो नसल्यास दंड चार पैशांसाठी लिहिणाऱ्याला नव्हे, लिहवून घेणाऱ्या कंपनीला व्हावा.

– एक ग्राहक, कोल्हापूर