अकरावी विज्ञान शाखा : विषयनिवडीबाबत पालक-सदस्यांना सूचना

सर्व पालक-सदस्यांना कळविण्यात येते की, अकरावी विज्ञान शाखेच्या विषयनिवडीसंबंधीची सभा येत्या शनिवारी सकाळी १० वाजता शाळेच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत होईल. पाल्यासह उपस्थित राहावे.

१. गणित सोडल्यास अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय शिक्षणाची वाट सहसा बंद होते. म्हणून केवळ मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नये.

२. संगणकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय २०० गुणांचा असून तो द्वितीय भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी घ्यावा लागतो. दरवर्षी सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

३. पसंतीपत्रक पेन्सिलीने भरून आणावे. खाडाखोड झालेले स्वीकारले जाणार नाही.